वडील गेले तेव्हा नाही, गोष्ट वाचून रडले

"मॅडम, सासरे गेले तेव्हा ह्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. आणि आता रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात बसून कुठल्याशा अंतराळवीराची गोष्ट वाचतात आणि हमसून हमसून रडतात. मला भीती वाटते हो."

फोनवरचा आवाज दबका होता. बहुधा बाई गॅलरीत येऊन बोलत होत्या. मी समुपदेशन करते, आणि असा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. कधी कॉलेजातल्या मुलीची आई विचारते, कधी वाचणारा स्वतःच विचारतो, की जे घडलं नाही, घडणं शक्यच नाही, ते मला इतकं का लागतं? माझ्यात काही बिघडलंय का? या जोडप्याची हकीकत त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते.

गृहस्थ चाळिशीतले, चाकणकडच्या एका कारखान्यात देखभाल विभागात. पहिल्या दिवशी सॅक मांडीवर घट्ट धरून बसले होते. तिच्यात वाचनालयातून आणलेला विज्ञानकथांचा संग्रह होता, दोनदा मुदत वाढवून घेतलेला. दाखवताना कानकोंडे झाले. "पोरासाठी आणलं होतं," म्हणाले. विज्ञानकथा म्हणजे पोरांचं वाचन, ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे. मी त्यांना नारळीकरांची आठवण करून दिली. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. म्हणजे नावाच्या वजनाशिवाय कथा कथा म्हणून तोलली गेली, आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. एवढं ऐकल्यावर सॅक मांडीवरून खाली गेली.

त्यांना छळणारी कथा एकच होती. तिची कल्पना या प्रकारच्या साहित्यात अनेकांनी हाताळलेली आहे: अफाट वेगाने प्रवास करून अंतराळवीर परततो, तेव्हा त्याची मुलगी त्याच्यापेक्षा म्हातारी झालेली असते. यामागचं विज्ञान खरं आहे. प्रकाशाच्या ९९.५ टक्के वेगाने जाणाऱ्याचं एक वर्ष सरतं तेव्हा पृथ्वीवर सुमारे १० वर्षं उलटलेली असतात. तीन वर्षांची फेरी, आणि घरी तीस वर्षं गेलेली.

"रडू नेमकं कुठे येतं?" मी विचारलं.

"तो दारात उभा राहतो आणि मुलगी त्याला ओळखत नाही, तिथे."

मग बराच वेळ कोणी बोललं नाही. मी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला, तो तसाच राहिला.

"आमचे अण्णा एसटीत ड्रायव्हर होते," ते म्हणाले. "सगळी नोकरी मुक्कामी गाडीवर. आज इथे, उद्या दुसऱ्याच गावात. यायचे तेव्हा मी झोपलेला, निघायचे तेव्हाही झोपलेला. सुट्टीच्या दिवशी मला दाराच्या चौकटीला उभं करायचे, पेन्सिलीने रेघ मारायचे आणि म्हणायचे, 'अरे, वाढलास की रे!' मला राग यायचा. म्हटलं, आठ दिवसांत काय वाढणार? त्यांना ते दिवस मोजायचे होते, हे मला कळलंच नाही."

अण्णांना जाऊन चौदा महिने झाले होते. दवाखान्याची बिलं, दहावा-तेरावा, आईच्या पेन्शनचे कागद, सगळं यांनीच निस्तरलं. बहिणीने वडिलांवरच्या आठवणींचं एक पुस्तक दिलं होतं, ते तिसऱ्या पानावर मिटलं. मला यात नवल वाटलं नाही. ज्याच्यावर 'वडील' असं लिहिलेलं असतं, त्या दारावर मन पहारा बसवतं. अंतराळयानाच्या दारावर कोण पहारा ठेवणार? दुःख तिथून आत शिरतं.

आपल्याकडे हे हजार वर्षांपूर्वी ओळखलेलं आहे. काव्यशास्त्रज्ञ अभिनवगुप्त साधारणीकरण, म्हणजे एकाची भावना सगळ्यांची होणं, मांडतो ते हेच: रंगमंचावरचा शोक माझा नसतो, शत्रूचा नसतो, कुणा तिऱ्हाइताचाही नसतो, म्हणून तो सोसता येतो, चाखता येतो. माझा अनुभव यात एवढीच भर घालतो की कल्पित विज्ञानाची कथा अस्पष्ट भावनेला आकडा देते. 'बाप घरात असूनही हुकला' हे कसं सांगायचं, किती हुकला? कथेने सांगितलं: तीस वर्षं. आणि लघुकथा वीसेक पानांत संपते, हा तिचा मोठा उपकार. कादंबरी पंधरा-पंधरा दिवस मानगुटीवर बसते. इथे भांडी घासून झाल्यावर आत जायचं, रडायचं, पुस्तक मिटायचं आणि सहाच्या शिफ्टला हजर व्हायचं.

ते रोज हजर होत होते, जेवत होते, मुलाचा अभ्यास घेत होते. तसं नसतं, आठवडेच्या आठवडे झोप उडाली असती, कामं ठप्प झाली असती, 'आता जगून काय करायचं' असं बोलले असते, तर मी त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. त्या अवस्थेत असणाऱ्यांनी टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करायला थांबू नये.

खरी जखम दुसरीकडेही होती, आणि ती मला उशिरा दिसली. दुसऱ्या भेटीत बाई एकट्या आल्या आणि म्हणाल्या, "पुस्तकाजवळ रडतात, माझ्याजवळ का नाही?" भीती, भीती म्हणत होत्या, त्यामागे हे होतं. यावर माझ्याकडे शहाणपणाचं उत्तर नव्हतं. मी एवढंच सुचवलं की त्यांनी ती कथा तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवावी.

एका रविवारी त्यांनी वाचली. वाचताना ते रडले नाहीत, बाई रडल्या. मग चौकटीवरच्या रेघांची गोष्ट निघाली. लग्नाला सोळा वर्षं झाली होती, आणि बाईंनी ती पहिल्यांदा ऐकली.

दोन महिन्यांनी फोन आला. मी विचारलं, रात्रीचं उठणं थांबलं का? "अधूनमधून उठतात. मीही उठते, चहा टाकते."

"आणि ते पुस्तक?"

"तिसऱ्यांदा मुदत वाढवून आणलंय, मॅडम. आता मी वाचतेय."