पेरूवरचे पोपट आणि छर्ऱ्याची बंदूक

प्रश्न : ताई, घराच्या मागं पेरूची १४ झाडं आहेत, मृग बहार धरलाय. गेल्या हिवाळ्यात पोपट, कावळे आणि साळुंक्यांनी निम्म्याहून जास्त माल टोचला, खाल्ला कमी नासवला जास्त. यंदा फळ आत्ता लिंबाएवढं झालंय म्हणून आधीच विचारतोय, एअरगन घ्यायची आहे, बजेट पंधरा हजाराच्या आत, नेम अचूक पाहिजे. ओळखीचे एकजण म्हणतात पॉइंट टू टू घ्या, एका फटक्यात पाखरू खाली. लायसन लागतं का? आठवीतल्या मुलीलाही नेमबाजी शिकायचीय, स्वप्निल कुसाळेचं मेडल बघितल्यापासून मागं लागलीय, तर एकाच बंदुकीत दोन्ही कामं होतील ना? (एक वाचक, राहाता)

उत्तर : दादा, रायफल घ्या, नक्की घ्या, पण ती लेकीसाठी. पेरूचं काम बंदुकीवर टाकू नका, ते काम तिचं नाहीच, आणि तुमचं फळ आत्ता लिंबाएवढं आहे म्हणजे वेळ अजून हातातून गेलेली नाही.

आधी कायद्याचं बोलते कारण त्यात लोक फार फसतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने पोपट, साळुंकी, बुलबुल यांना संरक्षण आहे. कावळा आधी उंदीर-घुशींच्या रांगेत 'उपद्रवी'च्या यादीत होता म्हणून अजूनही लोक म्हणतात कावळा मारला तर काय होतंय, पण २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच काढली, १ एप्रिल २०२३ पासून नवीन याद्या लागू झाल्या आणि कावळाही संरक्षित पक्ष्यांत आला. आणि या कायद्यात शिकार म्हणजे फक्त जीव घेणं नाही, जखमी करणं, पकडणं आणि तसा नुसता प्रयत्न करणं हीसुद्धा शिकारच. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पेरूच्या दोन-चार क्रेटसाठी हे अंगावर घेऊ नका.

आता बंदुकीचं. पॉइंट टू टू सांगणाऱ्या त्या ओळखीच्या माणसाचं अजिबात ऐकू नका. २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे बिनालायसनची एअर रायफल म्हणजे ४.५ एमएम म्हणजेच पॉइंट १७७ इंचापर्यंतचं बोअर (नळीच्या भोकाची रुंदी) आणि २० ज्यूलपर्यंतची ताकद. यातलं एक जरी ओलांडलं तरी लायसन लागतं, आणि पॉइंट टू टू साडेपाच एमएमची असते, त्यामुळे 'बिना लायसन टू टू' असं कुणी विकत असेल तर तिथून उठून यायचं. पॉइंट १७७ घेताना दुकानदार ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा मागेल, तो द्या, पक्कं बिल घ्या, आणि डब्यावर किंवा कागदावर ज्यूलचा आकडा आहे का बघा.

ताकदीच्या मागं लागणारे लोक नेम विसरतात हे मी शाळेच्या रेंजवर रोज बघते. साधा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा असतो, समजा ०.५३ ग्रॅम, तो सेकंदाला २०० मीटर वेगाने सुटला तर ताकद होते १०.६ ज्यूल, आणि २० ज्यूलपर्यंत न्यायचं म्हणजे वेग २७४ च्या आसपास लागतो. ऑलिंपिकमधल्या १० मीटर रायफलचा छर्रा साधारण १७० च्या वेगाने जातो आणि कागदावरचा दहाचा ठिपका केवढा असतो माहितीय? अर्धा मिलिमीटर. म्हणजे नेम वेगातून येत नाही. तो येतो चांगल्या नळीतून, हलक्या आणि दर वेळी सारख्याच सुटणाऱ्या ट्रिगरमधून, एकसारख्या छर्ऱ्यांतून आणि सरावातून. जाहिरातीत हजार फूट वेग लिहिलेली जड रायफल तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला कॉक सुद्धा करता येत नाही, म्हणजे आतली स्प्रिंग ताणून बसवताच येत नाही, मग ती ओढाताण करत बसते आणि तिसऱ्या दिवशी कंटाळते.

तुमच्या बजेटमध्ये नळी मोडून, म्हणजे बिजागरीवर खाली वाकवून, भरायची स्प्रिंगवाली रायफल बघा. गॅस पिस्टनवाली (स्प्रिंगऐवजी गॅसचा दाब) जरा महाग पडते, आणि पीसीपी म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी सगळ्यात सोपी आणि अचूक पण तिला हवा भरायला वेगळा पंप नाहीतर टाकी लागते, तो खर्च आत्ता नको. आपल्या महाराष्ट्रातल्या प्रिसिहोल कंपनीची एसएक्स१०० आधी हातात घेऊन बघा, बाकीच्या देशी रायफलीही बघा, आणि नेताना लेकीला बरोबर न्या. दुकानात तिला कॉक करायला लावा, खांद्याला लावून गाल बटवर टेकतो का ते बघा, डोळा आपोआप साइटच्या रेषेत आला पाहिजे, मान वाकडी करावी लागली तर ती रायफल तिची नाही. दुर्बीण आत्ता घेऊच नका, स्प्रिंग रायफल मागेही झटका देते आणि पुढेही, स्वस्तातली दुर्बीण त्यात खिळखिळी होते. वाचलेल्या पैशात दोन-तीन प्रकारचे सपाट तोंडाचे छर्रे घ्या, कागदात त्यांचं भोक पंच केल्यासारखं गोल पडतं त्यामुळे मार्क मोजायला सोपं जातं.

घरी आणल्यावर १० मीटरवर कागद लावा, रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवा पण पुढचा हात मध्ये ठेवा, तळहातावर ती नुसती ठेवायची, आवळायची नाही. स्प्रिंग रायफलमध्ये छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच बंदूक हललेली असते, तुम्ही दर वेळी वेगवेगळं दाबलंत तर छर्रे दर वेळी वेगळीकडे जाणार. पाच मारा. पाचही भोकं रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली तर रायफल चांगली आहे, मग भोकं मधोमध नसली तरी चालेल, साइट फिरवून ती मधे आणता येतात. झाकली गेली नाहीत तर आधी दुसऱ्या प्रकारचा छर्रा वापरून बघा, एकाच रायफलमध्ये दोन डब्यांचा फरक बघून माणूस चकित होतो.

दोन गोष्टी लेकीला पहिल्याच दिवशी शिकवा. नळी मोडलेली असताना छर्रा घालायचा तेव्हा दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरून ठेवायची, सटकून मिटली तर बोट जातं. आणि छर्ऱ्याशिवाय रिकामा बार काढायचा नाही, पिस्टनचं सील जातं. कागदाच्या मागं नुसती फळी नको, छर्रा उलटा येतो, जुन्या कपड्यांनी गच्च भरलेला जाड खोका ठेवा आणि त्याच्या मागं भिंत, कारण चुकलेला छर्रा शेजारच्या वस्तीपर्यंत सहज जातो. तुम्ही शेजारी उभे असल्याशिवाय रायफल कपाटाबाहेर येणार नाही हा नियम करा. नंतर हात साबणाने धुवायचे, छर्रे शिशाचे असतात.

आता पेरू. १४ झाडं म्हणजे हाताने होण्यासारखं काम आहे, घरातले चारजण दोन-तीन रविवारात करतील. फळ लिंबाएवढं झालं की त्यावर फोमची जाळी चढवायची आणि वरून प्लास्टिकची पिशवी, खाली पाणी जायला छोटी भोकं. पोपटाची चोच तर थांबतेच, फळमाशीही बसत नाही, फळावर डाग पडत नाहीत आणि बाजारात तोच पेरू वेगळ्या भावाने जातो. जी फळं शेंड्याला हाताला येत नाहीत ती पाखरांना सोडा, माझी आई म्हणायची तेवढा त्यांचा वाटा.

जाळी टाकायची असेल तर ती मांडवासारखी ताणून टाका, झाडावर नुसती पांघरू नका. आमच्या शेजारच्यांनी तशीच ढिली टाकली होती, सकाळी बघतो तर एक बुलबुल पायाला आणि पंखाला दोरा गुंडाळून उलटा लटकलेला, चोच उघडी. बहिणीने तो रुमालात धरला, मी नखं कापायच्या कात्रीने एक-एक धागा तोडला, पंखाखालचा धागा तर कातडीत रुतला होता. बराच वेळ गेला पण उडाला तो. ढिल्या जाळीत खाली सापही अडकतात. म्हणून जाळी ताठ ठेवा, रोज सकाळी एक फेरी मारा आणि तोडा संपला की उतरवून ठेवा. चमकपट्टी, बुजगावणं लावायचं तर लावा, पण दर चार दिवसांनी जागा बदला, पाखरं लगेच ओळखतात.

प्रश्न : आमच्या गॅलरीत कबुतरांनी उच्छाद मांडलाय, सासूबाईंना दम्याचा त्रास आहे. छोटी एअरगन नुसती घाबरवायला वापरली तर चालेल का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : नाही हो, सोसायटीत तर मुळीच नाही. समोरच्या गॅलरीत कुणाचं तरी लेकरू उभं असतं, आणि कुठल्याही प्राण्याला मारणं-जायबंदी करणं हा भारतीय न्याय संहितेच्या ३२५ कलमाखाली गुन्हा आहे. सासूबाईंची काळजी मात्र अगदी रास्त आहे, विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीने फुप्फुसाला कायमची इजा होऊ शकते, २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना बंद झाला तो याच कारणावरून. गॅलरीला चांगली नायलॉन जाळी ताणून बसवून घ्या. त्याआधी एसीच्या मागं, कुंड्यांत घरटं आहे का बघा, अंडी १८ दिवसांच्या आसपास फुटतात आणि पिल्लू चार-पाच आठवड्यांत उडतं, तेवढं थांबा म्हणजे पिल्लू आत कोंडलं जाणार नाही. विष्ठा कोरडी झाडू नका, आधी पाणी मारून ओली करा, मास्क लावून पुसून घ्या, आणि ते होईपर्यंत सासूबाईंना आतल्या खोलीत दार लावून बसवा. खालच्या मजल्यावर कुणी दाणे टाकत असेल तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगा, दाणे सुरू आहेत तोवर ती येतच राहणार.