एकाच पत्त्याचे दोन मालक

प्रश्न: औसा तालुक्यातल्या एका गावात मी सेवा केंद्र चालवते. दोन महिन्यांपूर्वी दुसरा कॉम्प्युटर घेतला. एकच प्रिंटर दोन्हीकडून चालावा म्हणून दुरुस्तीवाल्याने मोठ्या कॉम्प्युटरमध्ये काही सेटिंग करून दिलं. तेव्हापासून लाइट जाऊन आली की त्यावर 'विंडोज हॅज डिटेक्टेड ॲन आयपी ॲड्रेस कॉन्फ्लिक्ट' असा संदेश येतो आणि नेट बंद पडतं. दुसरा कॉम्प्युटर मात्र चालू असतो. कधी अर्ध्या तासाने बंद-चालू केलं की नेट येतं, कधी चार वेळा करूनही येत नाही. एकदा फॉरमॅट मारून झाला, आठ दिवसांत पुन्हा तेच. आता नेटवर्क कार्ड बदला म्हणतात. पीकविम्याचे दिवस आहेत, माणसं सकाळपासून बसून असतात. गावात रेंज नाही म्हणून त्यांना आपल्या वायफायचा पासवर्ड देते, तेवढाच त्यांचा वेळ जातो. काय करू?
— एक वाचक, औसा तालुका

उत्तर: ताई, कार्ड बदलू नका आणि पुन्हा फॉरमॅटही मारू देऊ नका. तुमच्या पत्रातली वायफायच्या पासवर्डची ओळ मी दोनदा वाचली. उत्तर तिथेच आहे.

मोंढ्यात दोन थप्प्यांना एकच लॉट नंबर पडला तर एकाची पट्टी दुसऱ्याच्या हातात जाते. नेटवर्कवरही प्रत्येक यंत्राला आपला वेगळा आकडा लागतो, तोच आयपी ॲड्रेस, म्हणजे पत्ता. दोघांना एकच पडू नये म्हणून कॉम्प्युटर पत्ता वापरण्याआधी सगळ्यांना विचारतो, 'हा आकडा कुणाकडे आहे का?' कुणी 'माझ्याकडे आहे' म्हणालं की तो माघार घेतो आणि तुम्हाला तो संदेश दाखवतो. म्हणजे तुमचं कार्ड ठणठणीत आहे, ते आपलं काम चोख करतंय.

दुरुस्तीवाल्याने प्रिंटरसाठी मोठ्या कॉम्प्युटरला एक पत्ता कायमचा बांधून दिला असणार. समजा १९२.१६८.१.५. दुसऱ्या कॉम्प्युटरला प्रिंटर त्या आकड्यावर सापडतो. पण हे राउटरला, म्हणजे वायफाय देणाऱ्या आणि सगळ्यांना पत्ते वाटणाऱ्या पेटीला, कुणी सांगितलंच नाही. त्याच्या लेखी ५ मोकळाच. लाइट गेली की बहुतेक साध्या राउटरची वाटपाची यादी पुसली जाते. लाइट आल्यावर बाकावर बसलेल्यांचे फोन लगेच वायफायला जोडले जातात, तुमचा कॉम्प्युटर अजून सुरूच होत असतो. काही राउटर पत्ता देण्याआधी तो वापरात आहे का हे तपासतात, पण त्या घटकेला तुमचा कॉम्प्युटर बंद, मग 'माझा आहे' म्हणणार कोण? ५ कुणाच्या तरी फोनला जातो. त्या माणसाचं काम झालं, तो घरी गेला, की नेट येतं. तुमचा अर्धा तास तो हा. आणि फॉरमॅटनंतर प्रिंटर चालेना म्हणून तोच आकडा पुन्हा भरला गेला असेल, म्हणून आठ दिवसांत दुखणं परत आलं.

खात्री करून घ्या. संदेश आलेला असतानाच कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे हुकूम टाइप करायची काळी खिडकी, उघडून 'आयपीकॉन्फिग /ऑल' (ipconfig /all) द्या. तुमच्या पत्त्यापुढे कंसात 'डुप्लिकेट' दिसेल आणि सोबत १६९.२५४ ने सुरू होणारा एक परका पत्ता. तो विंडोजने स्वतःच घेतलेला असतो, त्यावर नेट चालत नाही. आता दुसऱ्या कॉम्प्युटरवर 'पिंग' (ping) आणि पुढे मोठ्या कॉम्प्युटरचा पत्ता, जसं १९२.१६८.१.५, आणि मग 'एआरपी -ए' (arp -a) द्या. त्या आकड्यासमोर दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या दिसतील, ती पत्ता धरून बसलेल्या यंत्राची ओळख. पहिल्या जोडीतलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बहुधा फोनच. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, फोन वायफायवर आपली खरी ओळख न देता बनावट ओळख देतात आणि ती अशी उमटते.

अक्षर वेगळं निघालं तर कॅमेऱ्याचा डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारी पेटी, किंवा हजेरीचं यंत्र तपासा. ही यंत्रं पुष्कळदा कारखान्यातूनच पत्ता बांधून येतात. लातुरात गंजगोलाईजवळच्या एका दुकानात मी दोन दिवस राउटरवर घालवले होते आणि पत्ता अडवून बसलं होतं भिंतीवरचं हजेरीयंत्र.

उपाय राउटरमध्ये करायचा. कॉम्प्युटरचा पत्ता 'ऑटोमॅटिक' केला तर नेट येईल, पण त्याचा पत्ता बदलला की दुसऱ्या कॉम्प्युटरवरून प्रिंट निघणं बंद होईल. राउटरच्या पाठीवरच्या चिकटपट्टीवर त्याचा पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१. तो ब्राउझरमध्ये टाका. 'लॅन' किंवा 'डीएचसीपी' (पत्ते वाटायची सोय) या पानावर वाटपाची सुरुवात आणि शेवट असे दोन आकडे दिसतील. सुरुवात २ पासून असेल तर तिथे १०० करा, शेवट २०० ठेवा. सेव्ह करून राउटर बंद-चालू करा. आता येणाऱ्या फोनना १०० च्या पुढचेच पत्ते मिळतील, २ ते ९९ तुमच्या हातात राहतील. राउटरचा पासवर्ड नेट देणाऱ्याकडेच असेल तर त्याला फोनवर एवढंच सांगा, 'डीएचसीपीची सुरुवात १०० पासून करून द्या.' पाच मिनिटांचं काम आहे, त्यासाठी पैसे देऊ नका.

लोकांचं वायफाय बंद करू नका. उन्हातान्हात आलेल्या माणसाला तेवढा आधार असू द्या. मोठ्या कॉम्प्युटरचा आकडा मात्र कागदावर लिहून राउटरला चिकटवा. उद्या नवा प्रिंटर नाहीतर कॅमेरा बसवायला कुणी आलं, तर आधी तो कागद दाखवा आणि १०० च्या आतला दुसरा आकडा घ्यायला सांगा.