देवाची इच्छा कळत नाहीये, काय करू?

प्रश्न : ताई, प्रभू येशूच्या नावात सलाम. मी श्रीरामपूर तालुक्यात राहतो. कुवेतला नोकरीची ऑफर आलीय, जावं की नाही म्हणून उपास करून प्रार्थना चाललीय पण देवाकडून काहीच उत्तर नाही. रविवारची उपासना चुकवत नाही, क्वायरमध्ये गातो, कमाईचा दशांश मंडळीला देतो. आई आधीच गेली होती, पप्पा गेल्यापासून घराच्या वाटणीवरून भावाशी बोलणं बंद आहे. बहिणीचा प्रश्न नाही, तिच्याकडून हक्कसोड करून घेतलंय. मला देवाच्या आज्ञेत राहायचंय, पण त्याची इच्छा ओळखायची कशी?

उत्तर : भाऊ, सलाम. तुमची तळमळ खरी आहे म्हणून सरळच लिहिते. देवाने जे अजून सांगितलं नाही त्यासाठी तुम्ही उपास करताय, आणि जे त्याने कधीच सांगून ठेवलंय ते घरात तसंच पडून आहे.

बायबलमध्ये मत्तय ५:२३-२४ काढा. वेदीपाशी अर्पण आणलं आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. येशू हे गालीलात बोलतोय आणि वेदी यरुशलेमेत, म्हणजे शंभरेक किलोमीटर, तीन-चार दिवसांची पायपीट, म्हणजे ऐकणाऱ्यांना लगेच कळलं असणार की हा आपल्याला अर्पण तिथे सोडून घरी जायला सांगतोय आणि पुन्हा तेवढंच चालून यायला. चूक कोणाची हे तो विचारतच नाही. तुमचा भाऊ तर एवढा लांब नसेल ना?

आणि ‘बहिणीचा प्रश्न नाही’ हे वाक्य मला फार टोचलं. पप्पांनी मृत्युपत्र केलं नसेल तर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने आपल्या ख्रिस्ती लोकांत मुलगा-मुलगी समान वाटेकरी, म्हणजे घर तिघांचं. तिने खुशीने सोडलं असेल तर ठीक, पण माहेर तुटेल या भीतीने किती बहिणी सही करतात हे तुम्हालाही माहितीय. गणना २७ मध्ये सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहिल्या, भाऊ नव्हता त्यांना, बापाचं वतन आम्हाला द्या म्हणाल्या, आणि देव म्हणाला मुली बोलतात ते बरोबर आहे. तेव्हा तिच्या घरी जा, भावाला न घेता, आणि मोकळेपणाने विचारा. हक्कसोड रजिस्टर झालं असलं तरी तुमच्या नावावर आलेल्यातून तिचा वाटा बक्षीसपत्राने तिला देता येतो, वकिलाला विचारून घ्या.

क्वायर सोडा असं मी म्हणत नाहीये, गाणं ही सेवाच आहे. पण शौल राजानेही देवाची आज्ञा मोडून उत्तम मेंढरं यज्ञासाठी म्हणूनच राखली होती आणि शमुवेल संदेष्ट्याने तोंडावर सांगितलं की यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं बरं. आपल्या मंडळ्यांमध्ये आज्ञापालन म्हटलं की हजेरी, उपास, दशांश एवढंच मोजतात, सातबारा आणि घरपट्टीचा कागद कोणी मोजत नाही, मला हे फार चुकीचं वाटतं.

समेट म्हणजे सगळं भावाला देऊन टाका असं नाही हां. मोजणी करा, पाळकसाहेबांना किंवा दोघांनाही मान्य असलेल्या माणसाला मध्ये बसवा, ठरेल ते लिहून काढा. त्याने दार लावून घेतलं तरी रोम १२:१८ आहेच, तुमच्याकडून होईल तितकं करायचं, पुढचं त्याच्यावर.

कुवेतचं म्हणाल तर प्रत्येक नोकरीसाठी वेगळी खूण मिळेल असं वचन बायबलमध्ये कुठे नाही, जाणं पाप नाही आणि न जाणंही नाही. वहिनी काय म्हणतात, मुलांची शाळा, मागे घराकडे कोण बघणार, हे सगळं बसून बोला. एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणी केलेला आहे का ते तपासा आणि कॉन्ट्रॅक्ट वाचल्याशिवाय पासपोर्ट कोणाच्या हातात देऊ नका.