नाचणीचं सत्त्व आणि ३१२ स्क्रीनशॉट

प्रश्न : डॉक्टरमावशी, माझी मुलगी साडेसात महिन्यांची आहे. वरचं अन्न देताना काही चुकू नये म्हणून वाचायला लागले, ते आता थांबतच नाही. मोबाइलमध्ये ३१२ स्क्रीनशॉट, आयांचे तीन व्हॉट्सॲप ग्रुप, शिवाय दूध-खाणं टिपायला एक्सेलची शीट. कुणी म्हणतं चमच्याने भरवा, कुणी म्हणतं फोड हातात द्या. काल तिनं नाचणीचं सत्त्व थुंकलं आणि मी रडले. सासूबाई म्हणतात, ‘आम्ही नाही का पोरं वाढवली?’ रात्री ती झोपते आणि मी वाचत बसते.
– एक आई, चिंचवड

उत्तर : सासूबाईंनी वाढवली हे खरं, पण त्यांच्या कानाशी एका वेळी तीनशे जणी बोलत नव्हत्या. (त्यांनी मधाचं बोट चाटवायचा आग्रह धरला तर मात्र ठाम नाही म्हण. वर्षाच्या आत मध नको.)

साताऱ्यात मी ३१ वर्षं मुलांचा दवाखाना चालवला. एकदा एक आई घासाघासाची नोंद असलेली दोनशे पानी वही घेऊन आली. बाळ मांडीवर खिदळत होतं. त्या वहीतून मला बाळाबद्दल काही कळलं नाही, आईबद्दल सगळं कळलं. हसू नकोस, मीही तशीच होते. पहिल्या मुलाच्या वेळी दवाखान्यातला वजनकाटा घरी आणला होता आणि प्रत्येक वेळी अंगावर पाजण्याआधी आणि नंतर त्याला तोलायचे. आठव्या दिवशी माझ्या आईनं काटा उचलून माळ्यावर टाकला. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.

डोनाल्ड विनिकॉट नावाचे इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक होते. १९५३ साली त्यांनी ‘पुरेशी चांगली आई’ ही कल्पना मांडली. सुरुवातीला आई बाळाच्या प्रत्येक गरजेला धावते, मग बाळाला झेपेल तशी हळूहळू थोडी कमी पडत जाते, आणि त्या कमी पडण्यातूनच बाळाला बाहेरचं जग कळायला लागतं. म्हणजे तुझं थोडं चुकणं हे तुझ्या लेकीच्या वाढीतच धरलेलं आहे. तुझी शीट नेमकं तेवढंच पुसून काढायला बघते.

आता सत्त्वाचं. थुंकणं हे तिचं मत आहे, तुझा निकाल नव्हे. नवी चव कधी कधी आठ-दहा वेळा पुढे यावी लागते, तेव्हा कुठे मूल ती स्वीकारतं. चमचा की फोड, हे भांडण मोठ्यांचं. टेकून नीट बसत असेल तर दोन्ही चालतं. फोड बोटांत सहज चुरडली जायला हवी, अख्खे शेंगदाणे आणि द्राक्षं नकोत. या वयात अंगावरच्या दुधासोबत दिवसातून दोन-तीनदा खाणं पुरतं.

नोंद हवीच असेल तर माता-बाल संरक्षण कार्डावरची वजनाची रेघ बघ, तीही महिन्यातून एकदा. दोन ग्रुप सोड. जुने पाळणे आणि झबली जिथे मिळतात तो एक ठेव. प्रश्न सुचला की कॅलेंडरच्या चौकोनात लिही आणि नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाच्या लशीला जाशील तेव्हा डॉक्टरांना विचार. निम्मे तोवर शिळे झालेले असतील. ताप, सारख्या उलट्या, लघवी कमी होणं, यांना मात्र कॅलेंडर नाही. त्याच दिवशी जायचं.

एक गोष्ट मी हलक्यात घेणार नाही. फोन दुसऱ्या खोलीत ठेवूनही झोप येत नसेल, छातीत धडधडत असेल, रडू थांबत नसेल, तर हा वाचनाचा नाद नाही, बाळंतपणानंतरची चिंता असू शकते. डॉक्टरांना दाखव. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही उचलतात, मराठीत बोलता येतं.

उद्या सत्त्व चमच्यावरून ओघळणार नाही इतकं दाट कर. नाहीच खाल्लं तर मऊ भात कुस्करून वरण-तूप. वरणाचं पाणी नव्हे हं, वरण.