१९४७ साली श्रीनगरला फौज विमानानेच का न्यावी लागली? आणि ती नेणारी स्क्वाड्रन कोणती?

तुमच्या प्रश्नात एक गृहीत आहे, ते आधी बाजूला ठेवू. "सैन्य ट्रकने का नाही पाठवलं, विमानांची हौस कशाला?" असं तुम्ही विचारलंय. हौस नव्हती हो, रस्ताच नव्हता. श्रीनगरला जाणारी बारमाही वाट रावळपिंडीहून मुझफ्फराबाद-बारामुल्लामार्गे होती. फाळणीनंतर तिचं एक टोक पाकिस्तानात गेलं आणि काश्मीरवर चालून आलेले पाकिस्तानकडचे सशस्त्र पठाण टोळीवाले त्याच वाटेने आत घुसले. आपल्याकडून उरली ती पठाणकोट-जम्मूची कच्ची वाट, मध्ये बिनपुलाचे नदी-नाले, आणि पुढे हिवाळ्यात बर्फाने बंद होणारा बनिहालचा घाट. ट्रक पोहोचेपर्यंत श्रीनगर गेलंच असतं.

आता स्क्वाड्रन. ती भारतीय हवाई दलाची १२ क्रमांकाची स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी. १९४५च्या डिसेंबरात कोहाटला तिची स्थापना झाली ती स्पिटफायर उडवणारी, म्हणजे लढाऊ स्क्वाड्रन म्हणून. मग तिला डाकोटा, म्हणजे दोन इंजिनांची मालवाहू विमानं मिळाली आणि ती वाहतुकीची झाली. फाळणीत डाकोटांची ६ क्रमांकाची स्क्वाड्रन पाकिस्तानच्या वाट्याला गेली, १२ क्रमांकाची आपल्याकडे राहिली. नव्या देशाच्या हवाई दलाची वाहतूक स्क्वाड्रन म्हणजे ही एवढीच.

२६ ऑक्टोबर १९४७ला महाराजा हरिसिंगांनी विलीनीकरणाच्या करारावर सही केली आणि २७ला पहाटे दिल्लीहून डाकोटा निघाली. लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय यांच्या पहिल्या शीख पलटणीचे जवान, दारूगोळ्यासकट एका विमानात जेमतेम पंधरा-सतरा. वैमानिकांना सूचना अशी होती की आधी धावपट्टीवर घिरटी घाला. खाली टोळीवाले दिसले तर उतरू नका, जम्मूला जा. श्रीनगरचा तळ शत्रूच्या हाती आहे की नाही, हेही दिल्लीत कोणाला खात्रीने ठाऊक नव्हतं! हवाई दलाची विमानं पुरेनात, म्हणून खासगी कंपन्यांची डाकोटाही घेतली. मऊ खुर्च्या उपटून काढल्या आणि जवान जमिनीवर बसले. १७ नोव्हेंबरपर्यंत फेऱ्यांवर फेऱ्या चालू होत्या. रणजित राय मात्र अगदी सुरुवातीच्या लढाईतच बारामुल्लाच्या बाजूला धारातीर्थी पडले.

मला या सगळ्यातली सर्वांत आवडणारी गोष्ट पेट्रोलची आहे. श्रीनगरला विमानांसाठी इंधनाचा साठाच नव्हता. तिथे आणलेल्या स्पिटफायरना लागेल ते पेट्रोल उतरलेल्या डाकोटांच्या टाक्यांतून काढून द्यायचे. डाकोटाला दिल्लीला परतण्यापुरतं ठेवायचं आणि उरलेलं लढाऊ विमानाला द्यायचं. युद्धपटात असला प्रसंग कोणी दाखवत नाही, पण त्या आठवड्यात लढाऊ विमानं हवेत राहिली ती अशी.

२७ ऑक्टोबर सगळ्यांना पाठ असतो. माझ्या मते या स्क्वाड्रनची खरी कसोटी त्यानंतर लागली, पूंछला. शहराला वेढा पडलेला, आत ब्रिगेडियर प्रीतमसिंग यांची फौज आणि हजारो निर्वासित. निर्वासितांनी आणि जवानांनी मिळून धावपट्टी तयार केली. तीन बाजूंना नदी-ओढे, भोवती डोंगर, त्यांच्यावर शत्रू. डिसेंबर १९४७मध्ये एअर कमोडोर मेहरसिंग यांनी स्वतः डाकोटा तिथे उतरवलं. हाताखालच्या वैमानिकांना धाडण्याआधी आपण जायचं, ही त्यांची रीतच होती. मग जाताना धान्य-दारूगोळा आणि येताना जखमी व निर्वासित, असा रतीब सुरू झाला. मार्च १९४८मध्ये पट्टीवर तोफगोळे पडू लागले, दिवसा उतरणं अशक्य झालं, तेव्हा रात्री तेलाच्या दिव्यांच्या उजेडात २५ पौंडी (म्हणजे २५ पौंडांचा गोळा फेकणाऱ्या) तोफा उतरवल्या. वेढा उठला तो नोव्हेंबर १९४८मध्ये. वर्षभर ते शहर हवेतून जगलं. शिवाय याच डाकोटांच्या दारातून बॉम्ब ढकलून मारही दिला. बॉम्बर नव्हतेच, काय करणार?

लेहची कथा बहुतेकांनी ऐकलेली असते, म्हणून थोडक्यात. अभियंता सोनम नोर्बू यांनी स्थानिकांच्या मदतीने धावपट्टी तयार केली आणि २४ मे १९४८ला मेहरसिंग जनरल थिमय्यांना शेजारी बसवून तिथे उतरले. उंची सुमारे ११,००० फूट. विमानात हवेचा दाब राखण्याची सोय नाही, पंखांवरचं बर्फ हटवणारी यंत्रणा नाही आणि वाटेत धड नकाशा नसलेली शिखरं. काही दिवसांतच गुरखा जवान विमानाने तिथे पोहोचले आणि लडाख राहिलं. मेहरसिंग यांना महावीर चक्र मिळालं. १९४८मध्येच त्यांनी हवाई दल सोडलं आणि १९५२मध्ये विमान अपघातातच ते गेले.

एक खुलासा, कारण यावरून वाद होतात. २०१८मध्ये इंग्लंडहून आलेल्या, दुरुस्त केलेल्या 'परशुराम' डाकोटावर व्हीपी ९०५ हा २७ ऑक्टोबरला श्रीनगरला गेलेल्या डाकोटाचा क्रमांक आहे. क्रमांक मानाने दिलेला आहे, विमान वेगळं आहे.

१२ क्रमांकाची स्क्वाड्रन पुढे डाकोटा सोडून पॅकेट नावाच्या मालवाहू विमानांवर गेली. बांगलादेश युद्धात ११ डिसेंबर १९७१ला तिथल्या टांगाईलवर छत्रीधारी उतरले, त्या उड्डाणात तिची पॅकेट होती. उतरलेली पलटण दुसरी पॅरा, म्हणजे मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन. त्यावर वेगळा प्रश्न टाकलात तर सविस्तर लिहितो.