ना धड शहरातली, ना गावातली

प्रश्न : ताई, माझं माहेर बार्शीचं, बी.कॉम. झालंय, लग्नाआधी एका टॅक्सवाल्यांच्या ऑफिसात टॅलीवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या हिशेबाला, बसायचे. आता सासर करमाळा तालुक्यात, तेही गावात नाही, वस्तीवर. नवरा चांगलाय, सासूबाईंचाही जाच असा नाही, पण मला म्हशीची धार काढता येत नाही, चुलीवरची भाकरी करपते आणि आल्यागेल्या बायका "शहरातली सून केली, आता भोगा" असं सासूबाईंना ऐकवतात. बार्शी काय पुणं-मुंबई आहे का हो? स्कूटी येते पण इथं चालवायची नाही, लोक काय म्हणतील. दिवसभर डोकं नुसतं बंद पडल्यासारखं वाटतं. काय करू?

उत्तर : अगं, पुण्याच्या लोकांना बार्शी म्हणजे खेडं आणि वस्तीवरच्यांना तेच शहर, तू मधल्यामधे सापडलीस. भाकरी येईल हळूहळू, नाहीतर सरळ गॅसवर कर. म्हैस नवख्या हाताला पान्हा सोडत नाही, रोजचं आंबोण तू घालत जा, तुझी सवय झाली की देईल धार.

पण तुझं खरं काम टॅलीचं आहे. गावात 'उमेद' या सरकारी अभियानाचे बचत गट असतीलच, 10 ते 20 बायकांचा एकेक. मीटिंग, बचत, आपसात कर्ज, परतफेड आणि हिशेब लिहिणं ही त्यांची पंचसूत्री, त्यातलं हे शेवटचंच बऱ्याच ठिकाणी लंगडं असतं, वही कित्येक दिवस लिहिलेलीच नसते, कुणी किती भरले यावरून भांडणं, आणि बँकेत कर्जाची फाईल गेली की वह्या बघतात तिथं सगळं अडकतं. सासूबाईंबरोबर मीटिंगला जा, आधी नुसती बस, मग वही मागून घे आणि कुणाचं किती जमा किती बाकी ते मोठ्यानं वाचून दाखव. जिच्या नावावर चुकून लागलेले दोनशे रुपये तू शोधून काढशील ती परत तुझ्या भाकरीबद्दल बोलायची नाही.

स्कूटीचं पण त्यातूनच जमेल. फिरायला जाते म्हणालीस तर नाहीच म्हणतील, गटाच्या अध्यक्षबाईंना मागं बसवून बँकेत निघालीस तर कोण काय बोलणार? लायसन्स मात्र काढून ठेव.

अजून एक, ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा घ्यायची असा नियम आहे, काही गावांत ती फक्त रजिस्टरवरच होते, सह्या घरी येऊन नेतात. तुझ्याकडे कुणी आलं तर वर ठराव काय लिहिलाय ते आधी वाचायला माग, मग सहीचं बघ.