विदर्भातल्या खेड्यातल्या मुलाला शिडाच्या जहाजाचा कॅप्टन होता येतं का? त्याचं आयुष्य कसं असतं?

प्रश्न विचारणारा भाऊ दारव्ह्याकडचा आहे, बारावीत आहे आणि समुद्र त्यानं फक्त मोबाइलवर पाहिलाय. मीही यवतमाळ जिल्ह्यातलाच, वणीकडचा. नौदलात पंधरा वर्षं काढली, आता गावी पऱ्हाटी आणि तूर करतो. त्या नोकरीतले काही महिने आयएनएस तरंगिणी या शिडाच्या जहाजावर होतो, पण खलाशी म्हणून. म्हणजे कॅप्टन मी खालून पाहिलाय, हे धरून वाच.

तरंगिणी गोवा शिपयार्डात बांधली, १९९७ मध्ये नौदलात आली. तीन डोलकाठ्या, वीस शिडं. नव्या कॅडेटांना वारा कळावा म्हणून ती ठेवलीय. वर आडव्या काठीवर शीड आवळायला जातात तेव्हा पायाखाली फक्त एक दोर असतो. शेजारचा हलला की आपल्याही पायाखालचा दोर हलतो. लहानपणापासून चिंचेवर चढायची सवय होती मला, पण चिंच अशी डुलत नाही.

आता कॅप्टन. सिनेमात तो चाक धरून उभा असतो. खरं म्हणजे चाकावर खलाशी असतो. आम्हाला पाळ्या असायच्या. कॅप्टनला पाळी नाही, म्हणजे त्याची सुट्टीही कधी होत नाही. एकदा रात्री दोनच्या सुमारास वारा जरासा वाढला, शिडाची कड फडफडायला लागली. कोणी बोलवायच्या आत साहेब वर आले. शिडांकडे त्यांनी पाहिलंच नाही. वारा येत होता त्या बाजूच्या काळ्या आभाळाकडे बघत राहिले आणि दोन शिडं उतरवायला सांगितली. जहाज मस्त पळत होतं, त्यामुळं आम्ही मनातल्या मनात चिडलो. अर्ध्या तासात असा पाऊस आणि वारा आला की तेव्हा वर चढायची कोणाची छाती झाली नसती. आमचे बाबा तिफन जुंपायच्या आधी असेच धुऱ्यावर उभे राहून आभाळ बघायचे. शेजारी पेरून मोकळे झाले तरी हे उभेच. कधी चुकायचेही. फरक एवढाच, की समुद्रात दुबार पेरणी नसते.

दुसरी गोष्ट एकटेपणाची. कोणाशी फार सलगी केली तर उद्या हुकूम कसा देणार? ‘कटी सार्क’ या शिडाच्या नामी जहाजावर १८८५ पासून दहा वर्षं कॅप्टन असलेला रिचर्ड वुडगेट जहाजावर कुत्री पाळायचा आणि फोटो काढायचा. मला त्यात नवल वाटत नाही.

समुद्रापासून लांबचा माणूस कॅप्टन होतो का, असंही तू विचारलंस. जोसेफ कॉनरॅड लेखक म्हणून सगळ्यांना माहीत आहे, पण आधी तो खलाशी होता. जन्म १८५७, आजच्या युक्रेनमधल्या बर्दिचिव्हचा. तिथून समुद्र आपल्याइतका नसला तरी बराच लांब. १८७४ मध्ये फ्रान्सच्या मार्सेय बंदरात गेला आणि खालपासून सुरुवात केली. १८८० मध्ये सेकंड मेटची परीक्षा, १८८४ मध्ये फर्स्ट मेटची (हे कॅप्टनच्या हाताखालचे अधिकारी), १८८६ मध्ये मास्टरची, म्हणजे कॅप्टनची; तीही पहिल्या फटक्यात नाही. त्याच १८८४ मध्ये तो मुंबईत ‘नार्सिसस’ जहाजावर चढला. जूनमध्ये निघालेलं जहाज आफ्रिकेला वळसा घालून ऑक्टोबरात फ्रान्सला लागलं. म्हणजे आपल्याकडे मृगाची पेरणी चालू असताना निघालं आणि सीतादहीच्या, म्हणजे कापूस वेचायला लागतो त्या सुमारास पोचलं. १८८८ मध्ये बँकॉकला त्याला ‘ओटागो’ची कप्तानी मिळाली. शिडाच्या जहाजाची तेवढीच, जेमतेम सव्वा वर्षाची. कारण १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला होता. त्यातून वाफेची जहाजं सुटसुटीत जायची, शिडाच्या जहाजाला ते जमेना. हातात सर्टिफिकेट आणि जहाज नाही, अशी पाळी पुष्कळांवर आली.

म्हणून आज नुसतं शिडाच्या जहाजावर पोट भरण्याचा बेत करू नकोस. आधी नौदलाचा अधिकारी हो. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित असेल तर एनडीएची परीक्षा दे. तरंगिणी, सुदर्शिनी ही जहाजं नौदलाचीच. दिलीप दोंदे २००९-१० मध्ये ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेवरून एकटे जगाला फेरी मारून आले, ते नौदलातले. २०१२-१३ मध्ये कुठंही न थांबता तीच फेरी करणारे अभिलाष टॉमीही नौदलातले. २०१७-१८ मध्ये ‘तारिणी’ ही शिडाची नौका जगाभोवती नेणाऱ्या सहाही जणी नौदलाच्याच अधिकारी. मर्चंट नेव्हीतही मास्टर होता येतं, पण ते इंजिनाचं जहाज.

फॉर्म भरायच्या आधी डोळे तपासून घे, विशेषतः रंग नीट ओळखू येतात का ते. माझा एक दोस्त लेखी पास होऊन तिथंच अटकला. आणि पोहता येत नसेल तर पाऊस उघडल्यावर कोणाला तरी सोबत घेऊन विहिरीत शिकून घे. डोळ्यांचं काय निघालं ते इथंच कळव, पुढचं मग सांगतो.